जलाशयातील निवासी रोगजंतू : वैद्य व औषधनिर्माते यांनी घ्यावयाची दक्षता

आमचे चऱ्होली गाव इंद्रायणीच्या काठी, आळंदीच्या अगदी शेजारी वसलेले आहे. कुरवंड्याजवळ उगम पावून देहू, आळंदी असा प्रवास करीत तुळापूर येथे भीमेला मिळणारी ही नदी गेली काही वर्षे वारंवार वृत्तपत्रांत येते ती पांढऱ्या फेसामुळे. कार्तिकी यात्रेच्या दिवसांत त्याच पाण्यात हजारो वारकरी श्रद्धेने स्नान करतात, आचमनही करतात. अशा वेळी चिकित्सालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो, "वैद्यराज, कारखान्यांचे आणि गटाराचे पाणी बंद झाले तर नदी पूर्वीसारखी निर्दोष होईल ना?"

या प्रश्नाचे उत्तर निम्मे होकारार्थी आणि निम्मे नकारार्थी आहे. ते नीट समजावे आणि त्यातून आपल्या व्यवसायापुरते काही नियम निश्चित व्हावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आगंतुक आणि निवासी

पाण्यातून होणाऱ्या रोगांच्या जंतूंचे स्थूलमानाने दोन गट करता येतात. पहिला गट आगंतुकांचा. हे जंतू मनुष्याच्या वा पशुपक्ष्यांच्या आतड्यात वाढतात आणि मलावाटे पाण्यात येतात. आंत्रिक ज्वराचा साल्मोनेला टायफी आणि आमातिसाराचा शिगेला ही त्याची उदाहरणे होत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गिया-बारे विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. तेव्हा काही रुग्णांच्या मलपरीक्षणात आढळलेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतूही याच गटातला. कोंबड्या व अन्य पक्षी यांचे आतडे हे त्याचे मूळ घर. पाण्यात तो पाहुणा असतो. सांडपाणी थांबविले, नळाचे पाणी नीट क्लोरीनयुक्त ठेवले, की हा गट आटोक्यात येतो.

दुसरा गट निवासी जंतूंचा. नदी, तळे, खाडी, समुद्र हेच त्यांचे स्वाभाविक निवासस्थान. पाण्यातील शेवाळ, सूक्ष्म प्राणी, मासे, शिंपले, चिखल यांच्या आश्रयाने ते राहतात. मनुष्य तेथे नसता तरी ते तेथे असतेच. व्हिब्रिओ, एरोमोनास, स्यूडोमोनास, लिजिओनेला हे या गटातील प्रमुख होत. पाणी दिसायला नितळ आहे, त्यात मलाचा अंश नाही, एवढ्यावरून हे जंतू नाहीत असे म्हणता येत नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात बिघडलेल्या उदकाची लक्षणे सांगितली आहेत. गंध, वर्ण, रस, स्पर्श यांत विकृती, क्लेदाचे आधिक्य, जलचर पक्ष्यांनी सोडून जाणे ही त्यांतील काही. ही इंद्रियगम्य लक्षणे आजच्या इंद्रायणीला तंतोतंत लागू पडतात. सुश्रुताचार्य मात्र जलदोषांत स्पर्श, रूप, रस, गंध यांच्या बरोबरीने वीर्य आणि विपाक हे आणखी दोन दोष सांगतात. हे दोन दोष पाणी पाहून वा चाखून कळत नाहीत, ते सेवनानंतरच्या परिणामांवरून कळतात. आचार्यांना जंतू ठाऊक होते असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु दिसण्यात निर्दोष असलेले पाणीही सदोष असू शकते, हा विचार आपल्या शास्त्राला परका नाही, एवढे निश्चित.

मोडशीपासून व्हिब्रिओपर्यंत

निवासी जंतूंचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पटकीचा व्हिब्रिओ कॉलरा. या रोगाची पाश्चात्त्यांनी केलेली आरंभीची एक नोंद आपल्याच किनारपट्टीवरची आहे. १५४३ मध्ये गोव्यात आलेल्या भयंकर साथीचे वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज लेखकाने केले आहे, आणि त्याने रोगाला दिलेले नाव आपल्या 'मोडशी' या शब्दाचेच रूप आहे. पुढे १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातही या रोगाची चर्चा आहे. १८५४ मध्ये इटलीत फिलिप्पो पाचिनी यांनी हा जंतू प्रथम पाहिला. १८८४ मध्ये कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी त्याचा रोगाशी असलेला संबंध दाखविला. त्याच कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये त्याच्या विषाचे अस्तित्व सिद्ध केले.

दीर्घकाळ समजूत अशी होती, की हा जंतू माणसाकडून पाण्यात व पाण्यातून माणसाकडे एवढाच फिरतो. मग दोन साथींच्या मधल्या काळात तो जातो कोठे? रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून याचे उत्तर दिले. खाडीच्या मचूळ पाण्यात आणि गोड्या पाण्यातही तो कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतो. त्यांच्या कवचातील कायटिन हे त्याचे अन्न. पाणी थंड झाले वा अन्न संपले, की तो एका सुप्तावस्थेत जातो. त्या अवस्थेत तो जिवंत असतो, परंतु प्रयोगशाळेतील नेहमीच्या संवर्धनात वाढत नाही. म्हणून 'पाण्याचा अहवाल निर्दोष आला' या वाक्याला मर्यादा आहे. पाणी उबदार झाले आणि शेवाळ व सूक्ष्म प्राणी वाढले, की तोही वाढतो.

या जंतूचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. साथी मात्र ओ-१ आणि १९९२ मध्ये मद्रासकडे प्रथम आढळलेला ओ-१३९ या दोनच प्रकारांनी घडविल्या आहेत. विष निर्माण करण्याची शक्तीही जंतूला एका विषाणूकडून मिळते, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे पाण्यातील निरुपद्रवी रहिवासी रोगकारक होऊ शकतो.

येथे आपल्या वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल. बांगलादेशातील मतलब भागातील ६५ गावांत कोलवेल यांच्या गटाने एक साधा उपाय करून पाहिला. जुनी सुती साडी चार घड्या करून, म्हणजे आठ पदरी, घागरीच्या तोंडाला बांधायची आणि पाणी गाळायचे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. सुटा जंतू कापडातून सहज जातो; परंतु कोपेपॉड आकाराने मोठा असल्याने अडकतो, आणि त्याच्यासवे त्याला चिकटलेले असंख्य जंतूही अडकतात. जुनी साडी नवीपेक्षा अधिक उपयोगी, कारण वापराने धागे फुगून छिद्रे बारीक होतात. सुश्रुताचार्यांनी गढूळ पाणी निवळविण्याची जी सात द्रव्ये सांगितली, त्यांत कतक म्हणजे निवळीच्या बीबरोबर वस्त्राचाही समावेश आहे. आपल्या आजीची गाळणी शास्त्रशुद्ध होती. मात्र गाळणे हा पूर्वोपचार आहे. पाणी उकळणे वा क्लोरीन घालणे याला तो पर्याय नाही. उलट गाळल्याशिवाय क्लोरीन घातल्यास सूक्ष्म प्राण्यांच्या आश्रयाला असलेले जंतू बचावतात, म्हणून दोन्ही क्रमाने करावे.

जळू : स्वतःची चूक

गोड्या पाण्यातील निवासी जंतूंत एरोमोनास हा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. तो नदी, विहीर, तळे सर्वत्र आढळतो. त्याने अतिसार होतो, तसेच पाण्यात झालेल्या जखमेत शिरून त्वचा व मांस वेगाने सडविणारा शोथही होतो. आणि जळूच्या पचनमार्गात तो कायमचा सहनिवासी असतो. जळूने प्यायलेले रक्त दीर्घकाळ कुजत नाही, याचे काही श्रेय या जंतूकडे जाते. तो अन्य जंतूंना तेथे वाढू देत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. शरद ऋतूत पन्नाशीचा एक कामगार माझ्याकडे आला. घोट्याभोवती विचर्चिका, जोडीला सिराग्रंथी आणि मधुमेह. मी दोन जळवा लावल्या. दाह व कंडू त्याच दिवशी कमी झाला, रुग्ण आनंदात घरी गेला. तिसऱ्या दिवशी वेदना, लाली आणि ज्वर घेऊन परत आला. मी ते पित्तरक्ताचे लक्षण मानून शतधौत घृताचा लेप दिला आणि "उद्या या" म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली पोटरीपर्यंत चढली होती आणि व्रणातून दुर्गंधी स्राव होता. त्याला तत्काळ रुग्णालयात पाठविले. पुवाच्या संवर्धनात एरोमोनास आढळला. पाय वाचला, परंतु त्वचारोपण करावे लागले. ती एक रात्र मी वाया घालविली, ही खंत आजही आहे.

त्यानंतर मी माझ्या जळवांच्या घटाकडे पाहिले. सुश्रुताचार्यांनी दर तिसऱ्या दिवशी पाणी व अन्न बदलण्यास आणि दर सातव्या दिवशी घट बदलण्यास सांगितले आहे. कुजलेल्या मासे-बेडकांच्या व मलमूत्राच्या पाण्यातील जळवा सविष म्हणून त्याज्य ठरविल्या आहेत. हे सूत्र मी विद्यार्थ्यांना शिकवीत होतो आणि स्वतः नदीकाठच्या विहिरीचे पाणी गढूळ दिसले की बदलीत होतो. शास्त्र पाळले असते तर जंतूंचा भार कमी राहिला असता. परंतु तेवढ्याने जळूच्या आतड्यातील एरोमोनास नाहीसा होत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून आता मी पुढील नियम पाळतो.

१. जळवा खात्रीच्या पुरवठादाराकडूनच घ्याव्यात. ओढ्या-नाल्यातून पकडलेल्या वापरू नयेत. घटात उकळून गार केलेले, क्लोरीनविरहित पाणी असावे आणि ते ठरलेल्या दिवशी बदलावे.

२. एक जळू एकाच रुग्णास. वमन करवून पुन्हा दुसऱ्या रुग्णास लावणे हे रक्तातून पसरणाऱ्या रोगांमुळे आज सर्वथा वर्ज्य आहे.

३. अनियंत्रित मधुमेह, यकृताचे जीर्ण विकार, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेले रुग्ण, रक्तपुरवठा क्षीण झालेले अवयव या ठिकाणी जळू लावू नये.

४. जळूला चिमटून वा ओढून काढू नये. तसे केल्यास ती आतड्यातील द्रव दंशस्थानी ओकते. हळद वा सैंधवानेही ती ओकतेच, म्हणून हे द्रव्य दंशावर न टाकता ती आपोआप सुटेपर्यंत थांबणे उत्तम.

५. रुग्णास लेखी सूचना द्यावी. पुढील आठ-दहा दिवसांत पसरणारी लाली, ज्वर, दुर्गंधी स्राव वा वाढती वेदना दिसल्यास त्याच दिवशी यावे. अशा रुग्णाला रुग्णालयात पाठविताना चिठ्ठीवर 'जलौकावचारण केले आहे, एरोमोनासची शंका' असे स्पष्ट लिहावे. हा जंतू अँपिसिलिनला स्वभावतः दाद देत नाही. चिठ्ठीतील त्या एका ओळीने योग्य प्रतिजैविक निवडण्यात वेळ वाचतो.

खाडी, समुद्र आणि भातखाचर

कोकणातील वैद्यबंधूंनी आणखी दोन व्हिब्रिओ लक्षात ठेवावेत. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा १९५० मध्ये जपानमधील ओसाका येथे मासळीतून झालेल्या विषबाधेत प्रथम सापडला. अर्धवट शिजलेली मासळी, कोळंबी, खेकडे यांतून तो अतिसार घडवितो. दुसरा व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा उबदार, कमी खारट खाडीच्या पाण्यात राहतो. कालवे वा तिसऱ्या कच्च्या खाल्ल्यास, अथवा शिंपल्याने कापलेल्या जखमेतून तो शिरतो. निरोगी मनुष्यास तो क्वचितच त्रास देतो. परंतु मद्यपानाने वा काविळीने यकृत बिघडलेल्या रुग्णात तो रक्तात पसरतो, पायावर रक्ताळलेले फोड येतात आणि सुमारे निम्मे रुग्ण दगावतात. रक्तातील लोहाचे आधिक्य त्याला पोषक ठरते. म्हणून यकृतविकाराच्या रुग्णास लोह वा मंडूराचे कल्प देण्यापूर्वी रक्तातील लोहाची स्थिती पाहावी आणि कच्च्या शिंपल्यांचे पथ्य आवर्जून सांगावे.

भातखाचरे व ओली माती यांत राहणारा बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा मेलिऑयडोसिस नावाचा रोग करतो. कर्नाटकच्या किनारपट्टीत, उडुपी-मणिपालकडे, पावसाळ्यात याचे रुग्ण नेमाने आढळतात. मधुमेही शेतकरी, दीर्घ ज्वर, फुप्फुसात वा यकृतात विद्रधी असे त्याचे चित्र असते. बहुधा त्यास राजयक्ष्मा समजले जाते. क्षयाच्या औषधांनी ज्याचा ज्वर उतरत नाही अशा मधुमेही रुग्णात याचा विचार व्हावा.

लेप्टोस्पायरा हा या दोन गटांच्या सीमेवरचा. त्याचे मूळ घर उंदीर, गुरे यांचे मूत्रपिंड. परंतु ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात तो कित्येक आठवडे टिकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत या रोगाची मोठी साथ आली. पुराच्या पाण्यातून चाललेला रुग्ण ज्वर, पोटऱ्यांत तीव्र वेदना व लाल डोळे घेऊन आला, तर कामला प्रकट होण्याची वाट पाहू नये.

औषधनिर्मात्यांसाठी

आपल्या औषधशाळांना या विषयाचा संबंध अगदी जवळचा आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसा व बर्खोल्डेरिया सेपेशिया हे पाण्यातील जंतू अत्यल्प पोषणावर जगतात. डी.एम. वा आर.ओ. यंत्रातून निघालेल्या 'शुद्ध' पाण्यातही ते वाढतात. किंबहुना त्या पाण्यात क्लोरीन उरलेले नसल्याने त्यांना तेथे मोकळीकच मिळते. टाकीची भिंत, नळाचा न वापरलेला भाग, गाळणीची पुंगळी येथे ते बुळबुळीत थर धरतात. त्या थरावर जंतुनाशकाचाही प्रभाव कमी पडतो.

आसव-अरिष्टांत मद्यांश असल्याने त्यांना काही संरक्षण असते. क्वाथ, सिरप, गुलाबजल व अन्य अर्क यांना ते नसते. सर्वाधिक धोका नेत्रबिंदूंचा. २०२३ मध्ये भारतात तयार झालेल्या आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या डोळ्यांच्या थेंबांशी स्यूडोमोनासच्या प्रादुर्भावाचा संबंध तेथील आरोग्ययंत्रणेने जोडला. १८ राज्यांत ८१ रुग्ण आढळले, काहींची दृष्टी गेली, ४ जणांचा मृत्यू झाला. ते औषध आयुर्वेदीय नव्हते, परंतु धडा सर्वांना सारखाच आहे. भेसळ नसतानाही केवळ निर्जंतुकतेतील ढिलाईने औषध विष ठरू शकते.

आपल्या औषधिकोशातही ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हे चार जंतू औषधात अजिबात नसावेत असा दंडक आहे. शेड्यूल टी पाळणाऱ्या प्रत्येक औषधशाळेने पुढील गोष्टी वहीत नोंदवाव्यात. पाण्याच्या टाकीची स्वच्छता व गाळण्या बदलल्याच्या तारखा. यंत्रापाशी नव्हे, तर प्रत्यक्ष वापराच्या नळापाशी घेतलेल्या नमुन्याचे जंतुपरीक्षण. शुद्ध पाणी शक्यतो त्याच दिवशी वापरणे. भावना देताना वापरलेले पाणीही यातून सुटत नाही. नेत्रबिंदू, तर्पणाचे घृत अशी द्रव्ये निर्जंतुक निर्मितीची सोय नसल्यास करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील वैद्यांसाठी एक जादा सूचना. १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका मेळाव्यानंतर प्रथम ओळखला गेलेला लिजिओनेला हा कोमट पाण्यात, अमिबाच्या पोटात वाढतो. कारखान्यांचे शीतकरण मनोरे व मोठ्या वातानुकूलन यंत्रणा ही त्याची आवडती ठिकाणे. त्याचे तुषार श्वासातून गेल्यास न्युमोनिया होतो. मनोऱ्याच्या देखभालीवर असलेल्या कामगारास तीव्र ज्वर, कास व श्वास झाला, तर हा इतिहास जरूर विचारावा.

विसूचिकेत काय करावे

विसूचिका आणि पटकी हे शब्द सर्वथा समानार्थी नाहीत, परंतु पटकीचा रुग्ण आपल्याकडे विसूचिकेच्या रूपानेच येतो. तेथे पहिले कर्तव्य जलांश भरून काढणे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले. क्षारसंजीवनीची पुडी प्रत्येक चिकित्सालयात असावी. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. षडंगपानीय, लाजमंड, पेया हे त्याच्या जोडीला उत्तम. त्याच्या जागी नव्हे. आमावस्थेत स्तंभन वर्ज्य हे चरकमत येथे अक्षरशः पाळावे; अहिफेनयुक्त कल्प देऊन मल अडविल्यास जंतू व विष आतच राहतात. डोळे खोल गेले, नाडी क्षीण झाली, मूत्र थांबले वा वांत्यांमुळे तोंडाने काही टिकत नाही असे दिसले, की शिरेतून द्रव देण्यासाठी त्वरित पाठवावे.

आणखी एक. जठरातील अम्ल हा या जंतूविरुद्धचा पहिला कोट आहे. निरोगी मनुष्यास रोग होण्यास कोट्यवधी जंतू लागतात. अम्ल कमी झाले तर त्याहून पुष्कळ कमी पुरतात. अम्लपित्तासाठी अम्लशामक गोळ्या वा शंख-कपर्दिकादि क्षारीय भस्मे दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णास यात्रेच्या व पावसाळ्याच्या दिवसांत पाण्याविषयी विशेष सावध करावे. अग्निरक्षणाचा आपला आग्रह येथे किती व्यवहार्य आहे हे यावरून ध्यानी येईल.

घरगुती शुद्धीकरणास पाणी खळखळून उकळणे सर्वोत्तम. टाकीसाठी एक हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर हे सर्वसाधारण प्रमाण. ती कालवून निवळ घालावी, निदान एक तास थांबावे. नळापाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेला असावा.

समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. इंद्रायणीत जाणारे सांडपाणी थांबलेच पाहिजे. त्याने आगंतुक जंतू जातील, आणि निवासी जंतूंना मिळणारे अतिरिक्त खाद्यही घटेल. परंतु निवासी जंतू राहतीलच, कारण नदी हे त्यांचेच घर आहे. त्यांचा नायनाट हे आपले ध्येय असू शकत नाही. त्यांच्या आणि रुग्णाच्या मध्ये वैद्याने उभे राहावयाचे आहे, ते जखम झाकून, पाणी गाळून व उकळून, जळवांचा घट ठरल्या दिवशी बदलून, औषधशाळेची टाकी घासून, आणि वेळ येताच संकोच न करता रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवून. माझ्या त्या रुग्णाने मला एवढे शिकविले, की पाठ असलेले सूत्र आणि पाळलेले सूत्र यांत रुग्णाच्या एका पायाइतके अंतर असू शकते. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आजच आपापला घट आणि आपापली टाकी एकदा उघडून पाहावी, ही नम्र विनंती.